पहिलं बटन म्हणजे ‘ये’

मी मुळातच संशयी बाई आहे. आंधळ्या माणसाने संशयी असू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा डोळ्यांना फडकं बांधून फुलपाड्याच्या नाक्यावरून किलोभर टोमॅटो आणून दाखवावेत. घरी येऊन पिशवीत हात घातला की कळेल. दिव्यांग म्हणा, दृष्टिहीन म्हणा, मला काही फरक पडत नाही; मी स्वतःला आंधळीच म्हणते. माणिकपूरच्या एका शाळेत मी आयुष्यभर डोळस पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं. वर्ग फारच शांत झाला की मी ओळखायचे, मागच्या बाकावर काहीतरी शिजतंय.

त्यामुळे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ज्या दिवशी दारात येऊन गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, आता आपली बिल्डिंग डिजिटल होतेय,” त्या दिवशीच माझे कान टवकारले. एरवी हा माणूस माझ्याशी पाण्याच्या टाकीबद्दलसुद्धा खेकसून बोलतो.

डिजिटल म्हणजे काय, तर फोनमध्ये एक अ‍ॅप घ्यायचं. गेटवर कोणी आलं की वॉचमन त्याच्याकडच्या यंत्रात टाकणार, आपल्या फोनवर टिंग होणार, आपण हो म्हटलं तर माणूस आत, नाही म्हटलं तर बाहेर. इंटरकॉम काढून टाकणार. “आता चोरबीर विसरा,” सेक्रेटरी म्हणाले. मी विचारलं, “आणि मला कसं कळणार कोण आलंय ते?” तर म्हणाले, “फोटो येतो ना मॅडम!” मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते खाकरले. जाता जाता म्हणाले, “नाहीतरी एकटीने किती दिवस काढणार? फ्लॅट द्यायचा कधी विचार असला तर आधी मला सांगा.” हे त्यांनी याआधीही विचारलं होतं. मी मनात नोंद करून ठेवली.

माझा फोन बोलतो. काचेवर बोट फिरवलं की त्याखाली काय आहे ते आतली बाई वाचून दाखवते, आणि हवं ते सापडलं की दोनदा टकटक केलं की झालं. त्या बाईवर मी बँक चालवते, लाइट बिल भरते, पेपर ऐकते. बाई हुशार आहे, पण तिला फक्त लिहिलेलंच वाचता येतं. बटनावर नुसतं चित्र असलं आणि बनवणाऱ्याने त्याला नाव दिलेलं नसलं, तर ती बिचारी “बटन” एवढंच म्हणते आणि गप्प होते. या नव्या अ‍ॅपमध्ये टिंग झालं की ती म्हणायची, “प्रतिमा. बटन. बटन. बटन.” झालं. पाहुणा कोण, कुठल्या बटनाने आत येतो, कुठल्याने बाहेर जातो, काही पत्ता नाही.

शेवटी सहाव्या मजल्यावरच्या वहिनी येऊन बसल्या. त्यांनी पाहून सांगितलं, “मॅडम, पहिलं बटन म्हणजे ‘ये’. दुसरं म्हणजे ‘सामान गेटवर ठेव’. तिसरं म्हणजे ‘नको’.” मी घोकलं. पहिलं बटन म्हणजे ‘ये’. मला सगळ्यांनाच ‘ये’ म्हणायचं होतं, तेव्हा बाकीच्या दोघांशी मला कर्तव्य नव्हतं. पावसाळाभर ते नीट चाललं. गॅसवाला आला, औषधवाला आला, आणि मुख्य म्हणजे माझी बाय आली.

थोरल्या बहिणीला आम्ही बायच म्हणतो. आमचं माहेर खाडीकाठचं, भातशेतीवालं. आईबाप गेले, जमिनीवर बिल्डिंगा झाल्या, आणि मग बायनेच स्वतःचं माझं माहेर करून टाकलं. ती कळंबला दिलेली. तिथे अजून थोडी शेती आहे, बाकी जागेत तिच्या मुलांनी सुट्टीवाल्यांसाठी खोल्या बांधल्यात. बाय तिथून बस धरते, एक स्टेशन गाडीने येते, रिक्षात बसते आणि माझ्या दारात येऊन “धाकले, हायस का गं?” म्हणून हाक मारते. आधी फोन करणं तिला ठाऊक नाही. आमच्याकडे कोणीच तसं करत नाही. अंगणातून हाक मारायची आणि आत शिरायचं. विचारून यायचे ते फक्त तलाठी आणि मुलगी बघायला येणारे.

आणि दरवर्षी भात कापून झालं की बाय ‘नवं’ घेऊन येते. नव्या भाताचे तांदूळ, नवे पोहे, वर एखादं नारळाचं वाटी-खोबरं. नवं आधी देवापुढे, मग लेकीबाळींच्या घरी. आई असताना आई नवं बायकडे पोचवायची आणि माझ्यासाठी वसतिगृहावर पाठवायची. आई गेल्यावर बाय मला आणते. त्या तांदळाचा वास मला पिशवी जिन्यात असतानाच येतो. तो आला की मी अजून कोणाच्या तरी घरची आहे असं वाटतं, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती रडली असती आणि मला तिला गप्प करत बसावं लागलं असतं.

त्या वर्षी गणपतीत आमचं थोडं वाजलं होतं. बाय म्हणाली, “ती बिल्डिंग सोड नि कळंबला ये माझ्याकडं. एकटीच काय करतंस?” मी म्हटलं, “तुझ्याकडे येऊन काय करू? तुझ्या सुना मला देवासारखं एका जागी बसवतील आणि वेळेवर ताट दाखवतील.” ती म्हणाली, “तुझी जीभ लय लांब हाय.” मी म्हटलं, “डोळे नाहीत, तेवढी तरी असू दे.” एवढंच. आमच्यात असं वाजणं नेहमीचं. पण ते लक्षात ठेवा, कारण पुढे मीही तेच लक्षात ठेवून बसले.

दिवाळीच्या आधी भुताटकी सुरू झाली.

फोनवर टिंग व्हायचं, मी पहिलं बटन दाबायचे, उठून दाराची कडी काढून उभी राहायचे. कोणी यायचंच नाही. जिना शांत, लिफ्ट शांत. मी पाच मिनिटं दाराशी, मग कडी घालून आत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकट्या बाईच्या घरी कोणीतरी येतंय आणि वर येत नाहीये, याचा अर्थ काय काढायचा? मी काढला. कोणीतरी बघतंय मी घरात असते कधी आणि नसते कधी.

मग गॅसवाल्याचा फोन आला, ओरडतच. “मॅडम, बुकिंग करायचं आणि गेटवरून हाकलायचं, ही काय मस्करी लावलीय?” मी म्हटलं, “मी नाही हाकललं, वॉचमनने हाकललं असेल.” मग माझी ब्लडप्रेशरची औषधं परत गेली. दुकानदार म्हणाला, “वॉचमन सांगतो, मॅडमनी नको म्हटलं.” मी खिडकीतून वॉचमनला हाक मारून विचारलं, तर तोही तेच: “तुम्हीच नको म्हणता ना मॅडम.” धडधडीत खोटं! आणि आवाजात पुन्हा माझीच कीव करतोय. मला खात्री पटली. सेक्रेटरीला फ्लॅट हवाय, वॉचमन त्याच्या पगारावर, दोघांनी मिळून ठरवलंय की हिचा गॅस तोडा, औषध तोडा, म्हणजे म्हातारी आपोआप फ्लॅट विकेल. सगळं कसं चपखल बसत होतं. माझ्या संशयांचं हेच वाईट आहे, ते नेहमी चपखल बसतात.

आणि नवं आलं नाही.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. बायचा पत्ता नाही. मी रोज जिन्याकडे नाक लावून बसायचे. आधी वाटलं भात उशिरा कापला असेल. मग वाटलं आजारी असेल, पण तसं असतं तर पोरांनी कळवलं असतं. मग मला गणपतीतलं बोलणं आठवलं आणि संशयाने माझ्या घरात बस्तान मांडलं. रुसली. माझ्या जिभेवर रुसली. नवं सुनांच्या माहेरी वाटून मोकळी झाली. बरं तर! मी का फोन करू? मोठी ती, नवं आणायचं ते तिने. मी स्वयंपाकघरात दुकानातले पोहे भिजवले आणि भांडं इतक्या जोराने आपटलं की झाकण घरंगळत कॉटखाली गेलं. ते शोधताना मला रडू आलं. राग आला म्हणून रडले, असं मी स्वतःला सांगितलं.

औषधं दुसऱ्यांदा परत गेली त्या दिवशी माझं डोकं फिरलं. काठी घेतली, चपला घातल्या आणि सकाळीच गेटवर जाऊन उभी राहिले. वॉचमन मोखाड्याकडचा, पन्नाशीचा असेल. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“चोर कोण आहे ते मला आज कळलंच पाहिजे,” मी म्हटलं. “माझी माणसं परत कोण पाठवतं?”

“मॅडम, देवाशपथ, तुमचाच नकार येतो.”

“मी दर वेळी ‘ये’ दाबते.”

त्याने त्याचं यंत्र उचललं. मग म्हणाला, “असं करू. मी आता तुमच्या नावाने एक पाहुणा पाठवतो. तुम्ही इथंच उभ्या राहून दाबा. मी बघतो.”

मी म्हटलं, “पाठव.” माझ्या हातातला फोन टिंग वाजला. बाई म्हणाली, “प्रतिमा. बटन. बटन. बटन.” मी थाटात पहिल्या बटनावर बोट ठेवलं, दोनदा टकटक केलं आणि हनुवटी वर करून उभी राहिले.

“नकार,” वॉचमन म्हणाला. “लाल आलं.”

“खोटं बोलू नकोस.”

“पुन्हा दाबा.”

पुन्हा नकार. त्याने माझा फोन हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, पहिलं बटन नकाराचं आहे. ‘ये’ शेवटी आहे.” दसऱ्याच्या सुमारास अ‍ॅपचं नवं रूप आलं होतं. सगळ्यांना दिसलं, बटनं अदलाबदल झाली, हिरवं तिकडे गेलं, लाल इकडे आलं. लोकांनी पाहिलं आणि विसरले. मला कोणी सांगायचं? माझी बाई तर पहिल्यासारखीच “बटन, बटन, बटन” म्हणत होती.

गॅस आणि औषधं राहू द्या. मी विचारलं, “माझी बहीण आली होती का? म्हातारी, लुगडं नेसते, मोठ्याने बोलते.”

वॉचमन उगाच खुर्ची सरकवायला लागला. मी काठी आपटली. तेव्हा तो म्हणाला, “आल्या होत्या. पिशवी होती त्यांच्याकडे. मी पाठवलं तुम्हाला, नकार आला. त्या म्हणाल्या, पुन्हा विचार. पुन्हा पाठवलं, पुन्हा नकार. मी म्हटलं, आजी, वर जाऊन हाक मारा, तर सेक्रेटरीसाहेब समोरच उभे, म्हणाले नियम म्हणजे नियम. मग त्या इथे कट्ट्यावर बसल्या थोड्या. मग उठल्या.”

“काही बोलली?”

“नाही. पिशवी मला दिली. मी नको म्हणत होतो. त्या म्हणाल्या, नवं हाय, दारातनं फिरवून घरी नेत नाय आमच्यात. तू खा.” तो खाकरला. “मी शिजवून खाल्लं मॅडम. मला वाटलं, तुमचं भांडण झालंय. घरातल्या भांडणात आपण कशाला बोला, म्हणून तुम्हाला काही बोललो नाही. पण तांदूळ... फार वास होता त्याला.”

मी तिथेच कट्ट्यावर बसले. ज्याला चोर म्हणून धरायला आले होते, तो माझं नवं खाऊन बसला होता, आणि त्यात त्याचा तसूभर दोष नव्हता.

घरी येऊन फोन लावला. बायने उचलला. मी भडाभडा सगळं सांगितलं: बटनं बदलली, नावं नव्हती, मी ‘ये’ समजून दाबत होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “धाकले, यंत्राला कशाला बोल लावतंस? बोट तर तुझंच होतं ना?”

“अगं, पण बोटाला कसं कळणार?”

“मला काय म्हाईत. मी तितं उबी होते नि तू दोनदा नाय म्हनलीस. एकदा चुकतं मानूस. दोनदा?” आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी थेट रिक्षा करून कळंबला गेले. समुद्राचा आवाज आला, खोल्यांमधल्या सुट्टीवाल्यांचं गाणं वाजत होतं, आणि बायच्या अंगणात पाय ठेवून मी हाक मारली. ती आली. हाताला धरून नेलं. आणि मला खुर्ची दिली. आमच्याकडे खुर्ची परक्याला देतात. घरच्यांनी ओट्याच्या काठावर टेकायचं, पाय खाली सोडायचे. पाण्याचा पेला ताटलीत ठेवून आणला. जेवायला आग्रह केला, भाजी पुन्हा वाढली, सुनांना हाका मारून “मावशीला काय हवं नको ते बगा” म्हणाली. एकदाही माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मी पायावर डोकं ठेवलं असतं.

निघताना मी म्हटलं, “बाय, आता येशील ना?”

“नाय गं. तू येत जा. तुझ्या दाराला विचारून यायचं माझ्याच्यानं नाय होनार.”

“मग मी दार बदलते,” मी म्हटलं. रिक्षात बसल्यावर कळलं की हे आपण बोलून बसलोय आणि आता करावं लागणार.

तोपर्यंत मला वाटत होतं की बटनांची नावं ही कोणाच्या तरी दयेची गोष्ट आहे. खोटं कशाला बोलू, कायदा मला पाठ होता, शिकवलाच होता. दिव्यांगांच्या हक्काचा कायदा सांगतो की सेवा सरकारी असो नाहीतर खाजगी, ती आम्हाला वापरता आली पाहिजे. आता तर सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पोरांना मी तो कायदा मोठ्या ऐटीत सांगायचे. स्वतःच्या गेटवर मात्र शेजारणीला बोलावून बटनं घोकत बसले होते.

रविवारी पार्किंगमध्ये कमिटीची मीटिंग होती. मी गेले. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, तो कायदा सरकारी ऑफिसांना. आपली प्रायव्हेट सोसायटी.” मी कायद्यात काय लिहिलंय ते सांगितलं. ते म्हणाले, “अ‍ॅप कंपनीचं आहे, आमच्या हातात काय?” मी म्हटलं, “कंपनी कोणी निवडली? मी तर नाही.” मागून कोणीतरी पुटपुटलं, “एका माणसासाठी अख्खं अ‍ॅप बदलायचं?” मी त्या दिशेला तोंड करून म्हटलं, “तुम्ही म्हातारे होणार नाही असं लिहून आणलंय का? मोतीबिंदू काय फक्त शेजारच्या बिल्डिंगला होतो?” हसले दोघे-चौघे. मग एका भल्या गृहस्थांनी तोडगा काढला: मॅडमचे पाहुणे कमिटीकडे पाठवा, कमिटी त्यांच्या वतीने हो-नाही करेल. टाळ्या पडायच्या बाकी होत्या. “म्हणजे माझ्या दारात कोणी यायचं ते सेक्रेटरी ठरवणार?” मी विचारलं. “वा! आणि फ्लॅट कधी विकायचा तेही तेच ठरवतील का?” मीटिंग संपली. सेक्रेटरींची पावलं जिन्यात फार भरभर वाजली. त्यांचा खरंच तसा डाव होता की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. पण मी ते डोक्यातून काढलेलंही नाही.

कंपनीच्या तक्रारीच्या पानावर गेले. सगळं बोलून लिहिलं, आणि शेवटी पान म्हणालं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी चित्रं निवडा. माणूस असल्याचा पुरावा म्हणून चित्रं! मी फोन उशीवर फेकला. मग उचलला आणि ई-मेल केला. आपोआप उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा केला, कायद्याचं नाव घालून. मग एका मुलीचा फोन आला, अगदी मध घातलेला आवाज.

“मॅम, तुमचा फीडबॅक आम्ही नोट केलाय.”

“फीडबॅक नाही, तक्रार आहे.”

“येस मॅम. तुमच्याबरोबर घरात कोणी बघू शकणारं नाहीये का? ते तुमच्यासाठी दाबू शकतील.”

“तुझ्या घरी कोण येतं-जातं ते तू शेजाऱ्याला ठरवायला देशील का गं?” ती पुन्हा म्हणाली, “नोट केलंय मॅम.” मला वाटतं, ती वाईट नव्हती. तिला दिलेल्या उत्तरांत हे उत्तर नव्हतं, एवढंच.

मग मी दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली. मला काडीचीही आशा नव्हती. कागद कुठेतरी गठ्ठ्यात पडेल, शाई वाळेल, मीही वाळेन. पण कंपनीला नोटीस गेली, सुनावणी ठरली, आणि सुनावणीच्या आधीच एके सकाळी अ‍ॅपचं नवं रूप आलं. वॉचमननेच खालून हाक मारली: “मॅडम, पाठवून बघू का?” टिंग झालं आणि माझी बाई पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलली: “पाहुणा, वॉचमन. परवानगी द्या, बटन. गेटवर ठेवा, बटन. नकार द्या, बटन.”

आनंद व्हायला हवा होता. मला पहिला विचार आला तो हा, की नावं उलटी लावली असतील तर? ज्यांना इतके दिवस बटनांना नावं द्यावीशी वाटली नाहीत, त्यांच्या नावांवर मी विश्वास का ठेवू? मी खाली गेले आणि वॉचमनला म्हटलं, पाठवत राहा. मी दाबायची, तो रंग सांगायचा. परवानगी, हिरवं. नकार, लाल. कंटाळून त्याने गंमत केली. बाई गंभीरपणे म्हणाली, “पाहुणा, यमराज. परवानगी द्या, बटन.” मी म्हटलं, “मेल्या!” आणि नकार दाबला. तो हसत म्हणाला, “लाल आलं मॅडम, गेले परत.”

मग बायला फोन केला. “दार बदललं,” मी म्हटलं. “आता ते माझ्याशी बोलतं.” ती हं म्हणाली. पुढे काही नाही. मी वाट पाहिली नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं.

वैशाखात, भर उन्हात, टिंग झालं. बाई म्हणाली, “पाहुणा, बाय.” वॉचमनने तसंच टाकलं होतं, मला कळावं म्हणून. माझं बोट ‘परवानगी द्या’वर होतं. बाईने ते दोनदा वाचलं. मला पक्कं माहीत होतं की ते बटन ‘ये’चंच आहे, मी शंभरदा तपासलं होतं. तरी बोट दाबेना. पुन्हा लाल आलं तर? मी फोन कॉटवर टाकला आणि काठी न घेता भिंतीला हात लावत जिना उतरले. गेटवर पोचले तेव्हा धापा टाकत होते.

“दाबलंस का?” बायने विचारलं.

“नाही दाबलं. आले.”

तिने माझा हात धरला. हातात पिशवी होती, ताडगोळ्यांचा वास येत होता. “येडी हायस,” ती म्हणाली, आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मी तिला घेऊन वर आले. ती जमिनीवर बसून ताडगोळे सोलत राहिली आणि मी खात राहिले. सुनांची गाऱ्हाणी झाली. मला वाटलं, संपलं सगळं, झालं गेलं ते गंगेला मिळालं.

त्या वर्षी नवंही आलं. वास जिन्यातूनच आला. आता गॅस वेळेवर येतो, औषधं येतात, आणि माझं बटन मला नावाने सांगतं कुठलं ते. कायद्याने जे करायचं ते केलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

फक्त बाय आता निघायच्या आधी फोन करते. जिने आयुष्यात कोणाच्या दाराला विचारलं नाही, ती कळंबहून फोन करते आणि हळू आवाजात म्हणते, “धाकले, येऊ का?”

मी ओरडते, “अगं ये ना! विचारतेस काय?”

“नाय,” ती म्हणते. “इचारलेलं बरं.”